पशुवैद्याचा डावा हात

म्हशीला कृत्रिम रेतन करायचे म्हणजे डावा हात गुदमार्गातून कोपराच्या वर, कधी थेट काखेपर्यंत आत घालायचा. आतड्याच्या भिंतीतून गर्भाशयाचे मुख चाचपून बोटांत धरायचे आणि उजव्या हातातली हातभर लांबीची नळी योनिमार्गाने नेऊन त्या मुखातून अलगद पुढे सरकवायची. बघणाऱ्याला हे दोन-चार मिनिटांचे काम वाटते. पण तेवढ्या वेळात आतडे स्वस्थ बसत नाही. आकुंचनाची लाट आली की हात रक्तदाब मोजायच्या पट्ट्यात सापडल्यासारखा आवळला जातो, बोटे बधिर होतात, हाती आलेले मुख निसटते. पाचशे किलोचे जनावर एक पाऊल बाजूला सरकले तर खांद्यालाही त्याच्याबरोबर जावे लागते. पायाखाली शेणमूत, मागे तबेल्याची मोरी, वर पत्रा. गर्भतपासणी असेल तर हीच कसरत एका रांगेत दहा-वीस म्हशींवर, आणि बहुतेक वेळा त्याच एका हाताने.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या मध्य रेल्वेवरच्या पट्ट्यात जनावरांचा डॉक्टर नेमके काय काम करतो, हे बाहेरच्याला पटकन उमगत नाही. मुंबईतल्या पशुवैद्याकडे बहुतेक कुत्री-मांजरे येतात, घाटावरच्याकडे बहुतेक गाई-म्हशी. इथे दोन्ही. उल्हासनगर हे फाळणीनंतर निर्वासित सिंधी कुटुंबांसाठी लष्करी छावणीच्या जागेवर वसलेले शहर; ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी त्याची पायाभरणी केली. शेजारचे अंबरनाथ एकीकडे १०६० सालच्या शिलाहारकालीन शिवमंदिराचे आणि दुसरीकडे आयुधनिर्माणीचे. बदलापूर गेल्या तीसेक वर्षांत मुंबईत घर न परवडणाऱ्यांनी भरले, पण त्याच्या पाठीशी बारवी धरणाकडे आणि मुरबाडकडे जाणारे रस्ते अजून भातशेतीतून आणि पाड्यांमधून जातात. त्यामुळे इथल्या पशुवैद्याची सकाळ तबेल्यात किंवा पाड्यावर आणि संध्याकाळ स्टेशनजवळच्या गाळ्यातल्या दवाखान्यात, स्टीलच्या टेबलावरच्या लॅब्रॅडॉरसमोर जाऊ शकते. मोठ्या जनावरांमुळे होणारी दुखणी आणि लहान जनावरांमुळे होणारी दुखणी ही वैद्यकाच्या पुस्तकात दोन वेगळी प्रकरणे असतात. इथे ती एकाच अंगात मुक्कामाला येतात.

आणि हे अंग एकट्या डॉक्टरचे नसते. सरकारी गुरांच्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी असतो, पशुधन पर्यवेक्षक असतो, जखमा बांधणारा व्रणोपचारक म्हणजे ड्रेसर असतो आणि कासरा धरणारा परिचर असतो. खासगी दवाखान्यात कुत्र्याचे तोंड धरून उभा राहणारा मदतनीस, केस कापणारी मुलगी, भटके कुत्रे पकडून आणणारा आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांना उचलून पिंजऱ्यात ठेवणारा गडी. दुखण्याच्या हिशेबात कासरा धरणारा डॉक्टरच्या मागे नसतो, अनेकदा पुढेच असतो. लाथ पहिल्यांदा त्यालाच बसते.

या दुखण्याची मोजदाद परदेशात चांगली झाली आहे. न्यूझीलंडमधल्या पशुवैद्यांची २०१० साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते, की आधीच्या बारा महिन्यांत स्नायू, सांधे किंवा पाठीचा काही ना काही त्रास झालेल्यांचे प्रमाण ९६ टक्के होते. सर्वांत वर कंबर, मग मान आणि खांदे. जर्मनीतल्या तीन हजारांहून अधिक पशुवैद्यांच्या पाहणीत मानेने पहिला नंबर पटकावला. ज्या धंद्यात शंभरातल्या शहाण्णव जणांचे काहीतरी दुखते, तिथे ‘तुझी बसण्याची पद्धत चुकीची आहे’ असे एकेकाला सांगत बसण्यात अर्थ नसतो. दुखणे कामाच्या घडणीतच आहे.

आता तो खांदा जरा जवळून पाहू. खांद्याच्या सांध्याची खोबण उथळ असते, म्हणूनच हात एवढा चौफेर फिरतो. त्या उथळ खोबणीत हाडाचे टोक जागेवर ठेवण्याचे काम चार लहान स्नायू करतात. त्यांचे कंडरे खांद्याच्या वरच्या हाडाखालच्या चिंचोळ्या जागेतून जातात. हात खांद्याच्या उंचीला समोर ताठ धरून ठेवला की हे स्नायू सतत आखडलेले राहतात, आणि सतत आखडलेल्या स्नायूला रक्तपुरवठा कमी होतो. त्यात बोटे आत काहीतरी पकडून असतात, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूचे स्नायूही कामाला लागलेले. डॉक्टर बुटका आणि म्हैस उंच असेल तर खांदा आणखी वर खेचला जातो. याचा सर्वांत स्वस्त इलाज व्यायामाचा नाहीच, गवंड्याचा आहे. खोड्याच्या मागे, जिथे माणूस उभा राहतो तिथे, वीतभर उंचीचा पक्का ओटा बांधला तर हात वर न जाता जमिनीला समांतर किंवा थोडा खाली जातो. जनावरे अडकवायचा खोडा दवाखान्यात असतो, गावातही बांधलेला सापडतो. मागचा ओटा मात्र कुणाच्या अंदाजपत्रकात येत नाही. जिथे परवडते तिथे लांब दांडीवर बसवलेला सोनोग्राफीचा प्रोब वापरतात, त्यामुळे हात आत घालायची वेळच कमी येते.

घरोघरी जाऊन रेतन करण्याची पद्धत महाराष्ट्रात रुजवण्यात उरुळीकांचनच्या ‘बाएफ’चा मोठा वाटा आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली ही संस्था उभी केली. उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नत्रात रेतमात्रेच्या कांड्या ठेवायच्या, ते भांडे मोटारसायकलला बांधायचे आणि गोठ्यात पोहोचायचे. शेतकऱ्याची पायपीट वाचली आणि संकरित गाय गावागावांत पोहोचली. या क्रांतीचे धक्के मात्र मोटारसायकलवाल्याच्या मणक्याने खाल्ले. बदलापूर ते मुरबाड रस्त्यावर पावसाळ्यानंतर दुचाकी चालवलेल्या कुणालाही हे वेगळे समजावून सांगायला नको. बसल्याबसल्या होणारी सततची थरथर कमरेच्या मणक्यांमधल्या चकत्यांना थकवते, आणि त्या थकलेल्या कमरेने लगेच खाली उतरून वाकायचे, ओढायचे. या क्रमातच खोट आहे. गाडीवरून उतरल्यावर दोन-तीन मिनिटे नुसते चालावे, दोनदा हात कमरेवर ठेवून मागे झुकावे, मग गोठ्यात शिरावे. गवळी म्हणेल डॉक्टर टंगळमंगळ करतो आहे. म्हणू द्यावे.

खरी कसोटी अडलेल्या म्हशीची. म्हशींमध्ये गर्भाशयाला पीळ पडणे हा प्रकार बराच आढळतो. पीळ सोडवायचा तर म्हशीला ज्या बाजूला पीळ पडला आहे त्या कुशीवर आडवे करतात, पुढचे दोन पाय एकत्र आणि मागचे दोन पाय एकत्र बांधतात, पोटावर एक लांब फळी टेकवतात, फळीवर एक माणूस उभा राहतो आणि बाकीचे दोर धरून जनावराला पिळाच्याच दिशेने झटक्यात पलटी घालतात. फळीच्या दाबाने आतले वासरू जागेवर राहते, बाकीची म्हैस फिरते आणि पीळ सुटतो. ऐकायला जादू वाटावी अशी ही युक्ती. पीळ सुटला की डॉक्टर चिखलात पालथा झोपून हात घालतो, वासराचे पाय शोधतो, दोरी बांधतो आणि म्हशीच्या कळेबरोबर ओढायला सांगतो. दोघांतिघांहून जास्त माणसांनी ओढू नये हा नियम वासराच्या आणि म्हशीच्या जिवासाठी आहे, पण तो ओढणाऱ्याच्या कमरेलाही लागू पडतो. चौथा माणूस आला की पहिले तिघे बेसावध होतात, दोरी अचानक सुटते आणि सगळे मागे कोसळतात. ओढताना कंबर वाकवून नव्हे, तर गुडघे थोडे मोडून, ढुंगण मागे टाकून, अंगाच्या वजनाने ओढायचे असते. गोठ्यातले म्हातारे गवळी हे न शिकता करतात, आणि पदवीधर डॉक्टरला फिजिओथेरपिस्टकडून शिकावे लागते.

लहान जनावरांच्या दवाखान्यात असे नाट्य नसते, म्हणून तिथले दुखणे उशिरा कळते. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेने १९९१ साली वजन उचलण्याचे एक सूत्र बसवले. सगळे काही आदर्श असेल, म्हणजे वजन अंगाजवळ, कमरेच्या आसपासच्या उंचीवर, अंग न वळवता, दोन्ही हातांनी धरता येण्यासारखे, तरीही एका माणसाने २३ किलोंपर्यंतच उचलावे असे ते सूत्र सांगते. पूर्ण वाढलेला लॅब्रॅडॉर तीस किलो सहज ओलांडतो. शिवाय तो आदर्श वजन नसतो, वजनाला चार पाय, दात आणि स्वतःचे मत असते. तेव्हा एकट्याने कुत्रे टेबलावर घ्यायचे नाही, ही गोष्ट दवाखान्याच्या भिंतीवर लिहून ठेवावी. मालकाला पुढचा भाग धरायला सांगावा, किंवा तपासणी सरळ खाली सतरंजीवर एक गुडघा टेकून करावी. नसबंदीच्या मोहिमेत एकामागून एक कुत्र्या टेबलावर येतात, तेव्हा मान तासन् तास खाली असते आणि दोन बोटे सतत चिमटा धरून असतात. टेबलाची उंची शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या कोपराच्या पातळीला असावी. टेबल हलत नसेल तर पायाखाली पाट घ्यावा.

मग माणूस दुखणे घेऊन बसतो तेव्हा काय करतो? पहिल्यांदा गोळी घेतो. इथे एक विलक्षण योगायोग आहे. भारतात कंबरदुखीवर वर्षानुवर्षे सहज घेतली जाणारी डायक्लोफिनॅक ही गोळी जनावरांना द्यायला २००६ पासून बंदी आहे. ती दिलेल्या गुरांची कलेवरे खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती आणि देशातली गिधाडे झपाट्याने संपत चालली होती. २०१५ मध्ये माणसांसाठीच्या इंजेक्शनची कुपी तीन मिलिलिटरपुरती मर्यादित केली गेली, जेणेकरून ती गुरांसाठी वळवली जाऊ नये. म्हणजे गाईला जे औषध टोचणे पशुवैद्याला गुन्हा आहे, तेच तो स्वतःच्या खांद्यासाठी रोज रात्री गिळत असू शकतो. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही हे खरे. पण अशा गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर माणसाच्या पोटालाही आणि मूत्रपिंडालाही त्या सोसत नाहीत, हे औषधशास्त्र शिकलेल्या माणसाला कुणी दुसऱ्याने सांगायची गरज नसावी.

गोळीनंतर येतो कमरेचा पट्टा, आणि पट्ट्यानंतर ‘करंट’. आपल्याकडे फिजिओथेरपी म्हणजे करंट आणि शेक असे समीकरण पक्के झाले आहे. दहा दिवस जायचे, यंत्राखाली पडायचे, बरे वाटते, पुन्हा तबेल्यात गेले की पुन्हा तेच. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम, दुखण्याविषयी समजावून सांगणे, मानसिक आधार यांना पाठिंबा आहे. पट्टे आणि ताण देऊन मणका ओढण्याचे उपचार नेहमीचे म्हणून वापरू नयेत असे आहे. पट्टा बांधल्यावर आधार वाटतो हे खोटे नाही. पण जे काम पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंनी करायचे ते पट्ट्यावर सोपवून चालत नाही.

व्यायामाने पाठ सुधारते ही कल्पना आज साधी वाटते. एकेकाळी कंबर दुखली की आठवडेच्या आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगत. १९५६ साली न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनमध्ये रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टकडे एक रुग्ण आला. त्याला खाटेवर पालथे झोपायला सांगितले गेले. खाटेचे डोक्याकडचे टोक आधीच्या रुग्णासाठी वर उचललेले होते, ते तसेच राहून गेले. रुग्ण काही मिनिटे पाठ मागे वाकलेल्या अवस्थेत पडून राहिला आणि उठला तो पायातली कळ गेली म्हणत. त्या काळी ही स्थिती पाठीला घातक मानली जात होती. मॅकेन्झीने त्यावरून पुढे एक सबंध उपचारपद्धती उभी केली. तिचे एक निरीक्षण पशुवैद्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे: पायात उतरलेली कळ एखाद्या हालचालीने वर सरकून कमरेत गोळा होत असेल, तर कंबर जास्त दुखली तरी ते बरे लक्षण. कळ खाली खाली उतरत असेल तर ती हालचाल थांबवावी.

पशुवैद्यक आणि फिजिओथेरपी या दोन्ही विद्या इकडे आल्या त्या कुठून, तर परळमधून. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली परळला सुरू झाले, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाच्या जनावरांच्या रुग्णालयालगत. त्याच परळमध्ये १९२६ साली केईएम रुग्णालय उभे राहिले, आणि पोलिओच्या साथीनंतर, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, तिथेच राज्य शासन, महानगरपालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. म्हणजे जनावरांचे डॉक्टर घडवणारी संस्था आणि माणसांचे सांधे सुधारणारी संस्था एकमेकींपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. इतकी दशके शेजार करताना एकीच्या विद्यार्थ्यांना दुसरीत आठवडाभर पाठवून उचलणे, ओढणे, वाकणे शिकवावे असे कुणाच्या मनात यायला हवे होते, असे मला राहून राहून वाटते.

फिजिओथेरपिस्टला काय सांगायचे, हाही एक मुद्दा आहे. ‘काम काय करता?’ या प्रश्नाला ‘डॉक्टर आहे’ असे उत्तर दिले की समोरच्याच्या डोळ्यांपुढे खुर्ची, टेबल आणि गळ्यातला स्टेथोस्कोप येतो, आणि व्यायामही खुर्चीवाल्याचे मिळतात. तेव्हा उभे राहून दाखवावे: हात असा आत जातो, खांदा असा ओढला जातो, दुसरा हात असा असतो, पाय असे. मोबाइलवर कुणाकडून कामाची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत काढून न्यावी. चांगला फिजिओ त्यावरूनच निम्मे निदान करतो.

खांद्यासाठी लागणारे साहित्य कुठल्याही सायकल दुकानात मिळते. जुनी ट्यूब उभी कापून खिडकीच्या गजाला कोपराच्या उंचीवर बांधावी. गजाकडे एक कूस करून उभे राहावे. डावी काख गजाच्या बाजूला असली तर उजव्या हाताचा व्यायाम होतो आणि उलट. कोपर काटकोनात मोडून बरगडीला चिकटवायचे, मध्ये एक घडी घातलेला नॅपकिन धरायचा, आणि ट्यूबचे टोक पकडून मनगट बाहेरच्या बाजूला हळू न्यायचे, त्याहून हळू परत आणायचे. नॅपकिन पडला तर समजावे की खांदा फसवतो आहे. मग ट्यूबकडे तोंड करून दोन्ही हातांनी ती पोटाकडे ओढायची आणि पाठीची दोन्ही पाती एकमेकींकडे आणायची. ज्या हाताने काम करतो त्याचा व्यायाम तर करायचाच, पण दुसऱ्याचाही सोडायचा नाही. तालमीत वाढलेल्यांना मुद्गल फिरवण्याचा मोह होतो. खांदा दुखत नसेल तर हलक्या मुद्गलासारखा उत्तम व्यायाम नाही, दुखत असेल तर तो कोपऱ्यातच राहू द्यावा.

कोपराच्या बाहेरच्या बाजूची कळ, जिला टेनिस न खेळणाऱ्यांनाही ‘टेनिस एल्बो’च म्हणतात, ती विश्रांतीने पुरती जात नाही. तिच्यावर भार उतरवण्याचा व्यायाम करतात: हाताचा पुढचा भाग टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर, मुठीत अर्धा लिटर पाण्याची बाटली. दुसऱ्या हाताने बाटली वर उचलून द्यायची आणि दुखऱ्या हाताने फक्त खाली सोडायची, चार-पाच आकडे मोजत. थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखले तर पाणी कमी करायचे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल तर ते बहुधा लसीकरणाच्या दिवसांचे देणे असते. दिवसभर अंगठ्याने पिचकारी दाबायची आणि कानात बिल्ले ठोकायचा चिमटा आवळायचा, त्यातून तिथल्या कंडऱ्याचे आवरण सुजते. त्याला मात्र व्यायाम नव्हे, आधी आधारपट्टी लावून अंगठ्याला सुट्टी हवी.

पाठीसाठी कॅनडाच्या स्टुअर्ट मॅकगिल यांनी सुचवलेला एक व्यायाम आहे, जो गमतीने म्हणायचे तर पशुवैद्यासाठीच बनलेला आहे. गुडघे आणि तळहात टेकून चार पायांवर उभे राहायचे, पाठ सपाट, मग डावा हात पुढे आणि उजवा पाय मागे ताठ करायचा, आठ-दहा सेकंद धरायचा, बाजू बदलायची. पाठीवर पाण्याची अर्धी भरलेली वाटी ठेवली तर ती हलता कामा नये. वाकण्याची रीत सुधारण्यासाठी केरसुणीचा दांडा पाठीवर उभा धरायचा: डोके, पाठीचा मध्य आणि माकडहाड तिन्ही ठिकाणी तो टेकलेला राहील असे खुब्याच्या सांध्यातून वाकायचे. दांडा सुटला म्हणजे मणका वाकला. आपली बैठक या बाबतीत सुरेख व्यायाम आहे. मांड्या आणि पुठ्ठे बळकट असतील तर कमरेवर वेळ येत नाही.

सूर्यनमस्काराविषयी एक सावधगिरी. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचवलेला हा व्यायाम निरोगी पाठीला उत्तमच. पण मणक्यांमधल्या चकत्या रात्रभर आडवे राहिल्यावर पाणी शोषून फुगतात. त्यामुळेच आपण सकाळी उठतो तेव्हा रात्रीपेक्षा सेंटिमीटरभर, कधी त्याहूनही अधिक उंच असतो. फुगलेल्या चकत्यांवर खोल वाकण्याचा ताण जास्त पडतो. कंबर धरलेली असेल तर उठल्यावर पहिला तासभर खोल वाकू नये. आणि तबेल्याचा दिवस तर पहाटे तीन-चारला दुधाने सुरू होतो. अडलेल्या म्हशीचा फोनही तेव्हाच येतो. अशा वेळी सूर्यनमस्कार संध्याकाळी घालावेत.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल थट्टा नाही. इतर कुणाची कंबर दुखली तर ती बहुधा नुसती कंबरच असते. पशुवैद्याची, ड्रेसरची, तबेल्यातल्या कामगाराची कंबर दुखत असेल आणि सोबत चढउतार होणारा ताप, रात्रीचा घाम, थकवा असेल, तर तो ब्रुसेलोसिस असू शकतो. गाभ फेकलेल्या गाईची वार हातमोज्याशिवाय काढली, कच्चे दूध प्यायले, किंवा वासरांना द्यायची जिवंत लस चुकून स्वतःच्या बोटात टोचली गेली, की हे जिवाणू अंगात शिरतात आणि सांध्यांत, विशेषतः कमरेच्या खालच्या सांध्यात घर करतात. त्याचे निदान रक्ततपासणीने होते, इलाज कित्येक आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी. ट्यूब ओढून तो बरा होत नाही. दुसरा संशय लेप्टोचा, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा. २६ जुलै २००५ रोजी उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या पुराने या पट्ट्यात काय केले ते लोक विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. अशा पाण्यातून गोठ्यात फिरलेल्या माणसाला दोन आठवड्यांच्या आत ताप, डोळे लाल आणि पोटऱ्यांना हात लावू न देणारे दुखणे आले, तर मालीश न करता थेट रुग्णालय गाठावे. लघवी-शौचावरचा ताबा जाणे, जांघेत बधिरपणा, पायाला लुळेपणा यांतले काहीही असेल तर त्याच दिवशी. मधुमेह असलेल्यांनी हेही जाणावे, की त्यांचा खांदा गोठण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते.

ताणाचा भाग शेवटी आला म्हणून तो दुय्यम नाही. गाय मेली की गोठ्यात जमलेली माणसे डॉक्टरकडे बघतात. गाळ्यातल्या दवाखान्यात तोच डॉक्टर एका खोलीत कुत्र्याला कायमचे झोपवतो आणि दारापाशी येऊन पुढच्या कुटुंबाच्या नव्या पिल्लाचे हसून स्वागत करतो. २०२२ मध्ये लम्पी हा गुरांचा त्वचारोग पसरला तेव्हा गाठींनी भरलेल्या गाईंपुढे रोज उभे राहायचे होते आणि लसीकरणाचा आकडाही पुरा करायचा होता. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने १९७९ ते २०१५ या काळातल्या पशुवैद्यांच्या मृत्यूंचा अभ्यास २०१९ साली मांडला. आत्महत्येचे प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा पुरुष पशुवैद्यांत २.१ पट आणि स्त्री पशुवैद्यांत ३.५ पट आढळले. दुखणे आणि ताण एकमेकांना खतपाणी घालतात. झोप कमी झाली की तीच कळ जास्त लागते. कळ लागली की झोप येत नाही. मनात धास्ती असली की खांदे कानांकडे चढतात आणि तसेच राहतात. म्हणून व्यायामाचा उपयोग दोन्हीकडे होतो. आठवड्याला दीडशे मिनिटे दम लागेल असे चालणे आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचे माप मनासाठीही लागू पडते. जनावराला झोपवल्यानंतर पुढचा रुग्ण घेण्याआधी पाच मिनिटे दार बंद करावे आणि श्वास आत घ्यायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ सोडावा. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती खाली येते. आणि जे श्वासाने हलके होत नाही त्यासाठी टेली-मानस आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली सरकारी सेवा, क्रमांक १४४१६, मराठीत, रात्री-अपरात्रीही.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. कंडरे आणि स्नायू भाराला सरावायला दीड-दोन महिने तरी घेतात. दहा दिवसांत काही होत नाही म्हणून सोडणारे याच कारणाने सोडतात. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा द्यायची असते, प्रत्येक जनावराच्या कानात बारा आकड्यांचा बिल्ला असतो, आणि घटसर्प-फऱ्याच्या लसी पावसाळ्यापूर्वी संपवायच्या असतात. म्हणजे खांद्यावर आणि अंगठ्यावर भार कधी येणार हे कॅलेंडरवर आधीच छापलेले आहे. पावसाआधीची मोहीम मे महिन्यात असेल तर ट्यूब मार्चच्या पहिल्या आठवड्यात खिडकीच्या गजाला बांधलेली हवी, आणि दवाखान्यातल्या परिचराची दुसरी ट्यूब तिच्या शेजारी.